निष्ठा मागणाऱ्यांचा हिशेब
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणातील मुख्य भाग)



कामगारांत पूर्वीची निष्ठा उरली नाही, अशी तक्रार हल्ली मालकांच्या मेळाव्यांतून वारंवार ऐकू येते. तरुण माणूस वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडतो, खाल्ल्या मिठाला जागत नाही, असे तिचे स्वरूप. मीठ कोणी कोणाचे खाल्ले, हा हिशेब तूर्त बाजूला ठेवू. पण ज्या पूर्वीच्या निष्ठेचे गोडवे गायिले जातात, तिचे या मुंबई शहरात काय झाले, हे तरी पाहिले पाहिजे.

गिरणीतला बदली कामगार आठवा. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी घ्यावयाचा हा माणूस. पाळी सुरू होण्यापूर्वी त्याने दरवाजाशी हजर राहावयाचे; एखादा साचा मोकळा असेल तर काम, नसेल तर खोलीवर परत, आणि त्या दिवसाचा पगार नाही. हजेरी मात्र चुकवून चालत नसे. कामाची हमी नसताना वर्षानुवर्षे अशी हजेरी देणारे हजारो लोक होते. याहून मोठी निष्ठा कोणत्या मालकाला हवी होती? बदलीच्या नावाखाली माणसाला कायमपणापासून वंचित ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, असे महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याने म्हटले. तरीही 18 जानेवारी 1982 रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदलींना कायम करण्याची मागणी होतीच. त्या संपाच्या नेतृत्वाविषयी आपल्यात मतभेद होते आणि आहेत. ते आज उकरून काढत नाही.

आणखी एक गोष्ट. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एका भागातील एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना बोलणी करू शकत असे. म्हणजे मालकाशी निष्ठा तर ठेवावयाचीच, शिवाय आपले गाऱ्हाणे कोणाच्या तोंडून मांडावे हेही कायद्याने ठरवून द्यावयाचे!

संप मोडला. लाखाच्या आसपास माणसे पुन्हा कामावर गेलीच नाहीत. पुढे 1991 च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करण्याची वाट दाखविली. 2001 च्या दुरुस्तीने सार्वजनिक वाटा आक्रसला, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. 2012 च्या सोडतीत कामगारांच्या वाट्याला 6,925 घरे आली. उमेदवार लाखाहून अधिक होते. ज्याने तीस वर्षे साचा चालविला, त्याच्या निष्ठेची किंमत चिठ्ठीवर ठरली.

आपले काही मित्र म्हणतात, निष्ठा हा मालकांचा शब्द आहे, तो टाकून द्या. मला हे पटत नाही. सूत तुटले की ते नेमके कोठे तुटले हे ओळखणारा हात, कापडात डाग राहिला तर खंतावणारा विणकर, ही कामगाराची स्वतःची मिळकत आहे. ती कामाशी आणि शेजारच्या साच्यावरच्या माणसाशी असलेली निष्ठा होय. ती आपण मालकाला का देऊन टाकावी?

मुदतबंद नेमणुकीचा करार करावयाचा, अकराव्या महिन्यात माणसाला घरी पाठवावयाचे आणि वर त्याच्याकडून आपुलकीची अपेक्षा धरावयाची, हा आजचा व्यवहार आहे. तो केवळ भांडवलदारांचाच आहे असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्या विचारांच्या माणसांनी चालविलेल्या शिक्षणसंस्थांत तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक आहेत. सहकारी कारखान्यांत ठेकेदाराची माणसे आहेत. तेथे सेवावृत्तीचे नाव सांगून कमी पगार खपविला जातो. कारखान्याच्या दरवाजावर सभा घेण्यापूर्वी प्रत्येक जिल्हा शाखेने अशा संस्थांतील तात्पुरत्या माणसांची यादी करावी: कोण किती वर्षे आहे, किती मिळते, आणि कायम न करण्याचे कारण काय सांगितले जाते. पुढच्या बैठकीत त्या याद्या वाचून दाखवाव्यात, आणि त्या संस्थांचे विश्वस्त त्या वेळी सभागृहात हजर असावेत.