तीन तास बसणारं माणूस



घरी अंथरुणाला लागलेल्या माणसांच्या सोबतीला जाणाऱ्यांचं हे संमेलन. त्याचं अध्यक्षपद तुम्ही एका निवृत्त नर्सबाईला दिलंत, त्याबद्दल आभार. अध्यक्षानं वर्षभराचा आढावा घ्यायचा असतो. तो छापून तुमच्या हातात दिलेला आहे. वॉकर किती वाटले, पाठीच्या जखमांची मलमपट्टी किती घरांत शिकवली, हे त्यात आहे. मी ते वाचून दाखवणार नाही. मला बोलायचं आहे ते त्यातल्या पहिल्याच रकान्याबद्दल: भेटींची संख्या. हा रकाना आपलं काम बिघडवतो आहे. हे बोलायला मला इतकी वर्षं जागा मिळाली नव्हती, आज मिळाली आहे.

आपण बसलोय त्या वेवजी गावाकडेच पाहा. गुजरातच्या हद्दीपलीकडे सोळसुंबा, पुढे उंबरगावची औद्योगिक वसाहत. पाळी धरायला माणसं सकाळी निघतात ती अंधार पडल्यावर घरी येतात. आतल्या पाड्यांवर पाऊस सरला, भात झोडून झालं की जोडपी वीटभट्टीवर जगायला जातात, तरणे पोरगे बोटीवर खलाशी म्हणून जातात. दर दहांत सुमारे नऊ माणसं आदिवासी असलेला हा तलासरी तालुका. इथं पोट रोजावर आहे. अशा घरात लकव्यानं पडलेला म्हातारा असतो, दम्यानं खचलेली आई असते, सिकलसेलनं पुन्हा पुन्हा आडवा होणारा मुलगा असतो. वापी, वलसाड, सिल्वासा, कुठून कुठून कागद घेऊन ही माणसं परत येतात आणि सोबत एक वाक्य घेऊन येतात: घरी न्या, सेवा करा.

सेवा कोणी करायची? मोठं माणूस घरी राहिलं की रोज बुडाला. मग ज्याचा रोज नाही त्याला मागे ठेवतात. पुष्कळ घरांत ती दहा-अकरा वर्षांची नात असते. शाळेच्या पटावर तिचं नाव असतं, ती मात्र आजीच्या उशाशी असते. पाणी पाजते, पेज भरवते, भांडं देते, कूस बदलायला जोर लावते.

माझी तक्रार आपल्या भेटींच्या कामाबद्दल आहे. आपण त्या घरी जातो, वीस मिनिटं थांबतो, रक्तदाब घेतो, फॉर्म भरतो, म्हातारीचा हात हातात घेऊन फोटो काढतो आणि पुढचं घर गाठतो. संध्याकाळी रजिस्टरात घरांचा आकडा चढतो. आपण गेलो तेव्हा ती पोर दारात उभी होती, निघालो तेव्हाही दारातच उभी होती. आपल्या भेटीनं तिचा एक तासही मोकळा झाला नाही. अशा भेटीला मी सोबत म्हणत नाही.

इथून कोसबाडची टेकडी फार लांब नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि 1957 साली ते कोसबाडला नेलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्या दोघींनी मुलांच्या आळसात शोधलं नाही. पोरींच्या कडेवर धाकटी भावंडं होती, पोरांच्या हाती गुरं होती. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. कडेवरचं मूल दुसऱ्या कोणी घेतल्याशिवाय बहिणीच्या हातात पाटी येणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांच्या तसबिरीला आपण दर कार्यक्रमात हार घालतो. मग आजारी माणसाच्या उशाशी अडकलेली पोर आपल्याला का दिसत नाही? पाळणाघरानं जे काम तेव्हा केलं, तेच काम आज आपल्याला करायचं आहे.

सकाळच्या सत्रात तीन वाद झाले. पहिला असा की स्वयंसेवकांना रक्तदाब आणि साखर मोजायला शिकवावं का. मी आयुष्यभर रक्तदाब मोजला, म्हणून या प्रश्नावर मला बोलू द्या. माझ्या उपकेंद्राच्या हद्दीत एक बाई होती, नवऱ्याला घशाचा कर्करोग. मी पट्टा बाहेर काढला तशी ती म्हणाली, "बाय, ती मशीन राहू दे. तू इथं बस, मी नदीवर जाऊन येते." मी बसले. तिनं चादरी धुतल्या, गोधडी धुतली, स्वतः डोक्यावरून अंघोळ केली. उन्हं कलताना केस मोकळे सोडून आली. नवऱ्यानं तिच्याकडे किती वेळ पाहिलं ते मी पाहिलंय. त्या दिवशी मी रक्तदाब घेतला नाही, आणि त्या घराला त्या दिवशी त्याची गरजही नव्हती. मोजायला आशाताई आहेत, सिस्टर आहेत, आयुष्मान आरोग्य मंदिर झालेलं उपकेंद्र आहे. बसायला कोणी नाही.

दुसरा वाद: स्वयंसेवक पाड्यातलाच हवा की बाहेरचा? घरातली गोष्ट पाडाभर होऊ नये म्हणून बाहेरचा बरा, असं काही जण म्हणाले. एका म्हाताऱ्या खलाशाकडे कॉलेजचा एक पोरगा यायचा. भला पोरगा, मन लावून प्रश्न विचारायचा. म्हातारा डोळे मिटून पडून राहायचा, त्याला झोप लागली असं सगळ्यांना वाटायचं. मग शेजारचा एक जुना खलाशी येऊ लागला. तो जाळं विणत बसायचा. बैलांचे भाव, कोणाची बोट कुठं लागली, यंदा पाऊस कधी, अशी वाक्यं तासाला दोन-चार. म्हातारा उठून भिंतीला टेकून बसू लागला आणि स्वतःहून मागून पेज पिऊ लागला. माझा कौल शेजाऱ्याला. कॉलेजच्या मुलांनी दवाखान्यातून आलेले गुजराती-इंग्रजी कागद घरच्यांना समजावून सांगावेत, निराधार योजनेच्या अर्जासाठी तहसीलला खेपा घालाव्यात. त्यांच्यासाठी ते काम मोठं आहे.

तिसरा वाद भगताचा. भगत आला की स्वयंसेवकानं उठून यावं, असं आपल्यातले काही सुशिक्षित मित्र तावातावानं सांगत होते. उठू नका. एका घरी पाठीची जखम धुवायला गेले तेव्हा भगत तांदूळ मांडून बसला होता. त्याचं होईपर्यंत मी थांबले. नंतर जखम धुताना त्यानंच बॅटरी धरली आणि दुसऱ्या दिवशी जखम कशी आहे म्हणून विचारायला आला. आजाऱ्यापाशी बसलेलं प्रत्येक माणूस आपल्या बाजूचं आहे.

आजाऱ्यांच्या सोबतीसाठी इथं सारखा केरळचा दाखला दिला जातो. द्या, पण पुरा द्या. कोझिकोडला 1993 साली डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था उभारली. पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यांत वस्तीवस्तीत शेजाऱ्यांचे गट झाले आणि 2008 साली त्या राज्यानं उपशामक सेवेचं, म्हणजे दुखणं सुसह्य करणाऱ्या सेवेचं, धोरणच जाहीर केलं. त्या गटांत यायची अट होती आठवड्याला निदान दोन तास देण्याची. अट तासांची होती, घरांच्या आकड्याची नव्हती. आणि त्या गटांनी औषधाबरोबर रुग्णाच्या घरच्या तांदळाची आणि मुलांच्या शाळेचीही काळजी वाहिली. आपल्याकडे केंद्राचा उपशामक सेवेचा कार्यक्रम 2012 साली आला. त्यातून आपण प्रशिक्षण घेतलं, फॉर्म घेतले, आणि शेजारी तेवढा राहून गेला.

एक आक्षेप खरा आहे, तो टाळून जाणार नाही. इथला शेजारीही रोजावरच जगतो. ज्याचा रोज बुडणार त्याच्याकडे फुकट तास मागायला मला तोंड नाही. पण आवणीला आपण एकमेकांच्या शेतात सावडीनं उतरतोच ना? आज तुझ्या चिखलात, उद्या माझ्या. आजाऱ्यापाशी बसणंही तसंच लावता येईल. रात्रपाळी करून आलेला दुपारी मोकळा असतो, भट्टीवर न गेलेली म्हातारी घरीच असते, निवृत्त गुरुजी आहेत, माझ्यासारख्या आहेत. प्रत्येकानं आठवड्यातली एक सकाळ किंवा एक दुपार, शाळेच्या वेळेतले तीन तास, एका घरात बसायचं. एकच घर धरायचं आणि ते सोडायचं नाही. ज्यांचा रोज खरोखरच बुडतो त्यांना मानधन द्यावं, असं माझं मत आहे. बायांच्या जाण्या-येण्याची सोय, रात्रीची सोबत, आजारी माणूस एकटंच राहत असेल तर काय, हे सगळं कार्यकारिणीनं ठरवायचं आहे. त्याचा आराखडा माझ्याकडे तयार नाही.

मात्र एक गोष्ट अध्यक्ष म्हणून आजच सांगते. पैसे देणारी संस्था कोणतीही असो, भेटींचा आकडा मागत असेल तर तिला सांगा की आमच्या रजिस्टरात यापुढे घरच्यांचे मोकळे झालेले तास लिहिले जातील आणि शाळेत परतलेल्या मुलींचे दिवस लिहिले जातील. आजाऱ्याचे फोटो पाठवले जाणार नाहीत. त्यापायी निधी थांबला तर थांबू द्या. सावडीनं आजाऱ्यापाशी बसायला निधी लागत नाही; मानधनाचं वेगळं पाहू.

पुढच्या आठवड्यात शाळा उघडतील, मागोमाग आवणी येईल. तेव्हा घरं रिकामी होतात आणि पोरी अडकतात. मंडपाच्या दाराशी वही ठेवली आहे. आपलं नाव, आपला पाडा आणि आठवड्यातला कोणता वार मोकळा आहे, एवढंच तिच्यात लिहायचं आहे. जेवायला बसण्याआधी लिहा.