श्रद्धा लपवून नेतृत्व नको

मालवणच्या या सभेत अध्यक्षाने सर्वांना गोड लागेल असं बोलावं, ही रीत मला ठाऊक आहे. आज मी ती पाळणार नाही. मनापासून ख्रिस्ती असलेला माणूस देश चालवू शकेल का, असं आपल्याला तोंडावर विचारलं जातं आणि आपण मान खाली घालून ऐकून घेतो. का?

शंका असणाऱ्यांनी 1916 सालचं बेळगाव आठवावं. तिथे लोकमान्य टिळकांनी होमरूल लीग काढली तेव्हा चिटणीस झाले न. चिं. केळकर आणि अध्यक्ष झाले माझगावचे कॅथलिक बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा. गणेशोत्सव चौकात आणणाऱ्या टिळकांना या माणसाचा धर्म आड आला नाही. लोक त्यांना ‘काका’ म्हणत. स्वराज्याची बाजू मांडायला ते विलायतेला गेले, पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले.

संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. मे 1949 मध्ये धर्माच्या आधारावरच्या राखीव जागा सोडायचं ठरलं, तेव्हा ते आणि फादर जेरोम डिसोझा त्या निर्णयाच्या पाठीशी उभे राहिले. वेगळा वाटा नको, सर्वांच्या रांगेत उभं राहू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आजवर एकही ख्रिस्ती राष्ट्रपती वा पंतप्रधान झालेला नाही. 2012 मध्ये पी. ए. संगमा राष्ट्रपतिपदासाठी लढले आणि हरले, हार-जीत चालायचीच. पण 2019 साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा जन्मभर मराठीत लिहिलेल्या माणसाच्या पुस्तकांआधी काहींना त्यांचा झगा दिसला. याची मला चीड आहे.

श्रद्धाळू नेत्याची खरी अडचण वेगळीच आहे. कायदा एक सांगतो, मन दुसरं. 1990 मध्ये बेल्जियमचे राजे बोदुआँ यांच्यापुढे गर्भपाताचा कायदा सहीला आला. श्रद्धेमुळे सही करवेना. त्यांनी कायदा अडवून धरला नाही. ते बाजूला झाले, मंत्रिमंडळाने सही केली, मग संसदेने त्यांना पुन्हा अधिकार दिले. दीडेक दिवसाचा मामला! कोणी याला पळवाट म्हणेल, मी म्हणणार नाही. श्रद्धा माझी, कायदा सर्वांचा, ही मर्यादा त्यांनी खुर्ची पणाला लावून पाळली. मला असाच नेता हवा. मतांसाठी जो आपला देव लपवतो, तो उद्या मतदारालाही विकेल.

आता घरचं बोलतो. मतदानाच्या तोंडावर वेदीवरून सूचक बोलणाऱ्या धर्मगुरूंना हात जोडून विनंती आहे, हे थांबवा. आणि ‘राजकारण आपलं काम नव्हे’ म्हणणाऱ्यांनो, एलईडीच्या झोतात मासळी उपसली जाते तेव्हा रापणीचा दोर ओढणाऱ्याच्या हाती रिकामी जाळी येते. गाबीत मच्छीमार असो की ख्रिस्ती, पोट दोघांचंही मारलं जातं. त्याविरुद्ध किनाऱ्यावर बोलता, मग नगरपरिषदेत आणि जिल्हा परिषदेत गप्प का?

आमदार-खासदारांच्या शपथेत संविधानाने दोन वाटा ठेवल्या आहेत: ईश्वरसाक्ष शपथ, नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन. ईश्वर कोणाचा, हे तिथे लिहिलेलं नाही. येत्या निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर अर्ज भरा. गळ्यातला क्रूस सदऱ्याच्या आत ढकलू नका, आणि भाषण करा ते बंदरातल्या गाळावर, नळाच्या पाण्यावर, थकलेल्या डिझेल परताव्यावर.