नवी किडनी आणि जुनी साखर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषण)



मी डॉक्टर नाही. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करून वीस वर्षे सरकारी दवाखान्यात रक्त तपासतो आहे. आधी धार, आता देवास. दोन्हीकडच्या रजिस्टरात आपली आडनावे भरपूर, आणि त्यांच्यापुढे साखरेचे आकडेही भरपूर. पण आज सांगतो ती गोष्ट घरची आहे.

माझ्या थोरल्या भावाला, दादांना, बरीच वर्षे मधुमेह होता. एके वर्षी त्यांची साखर आपोआप उतरू लागली. इन्सुलिन कमी करावे लागले. घरात सगळ्यांना आनंद झाला, मलाही. खरे कारण वेगळे होते. शरीरातले इन्सुलिन वापरून झाले की ते मोडून टाकण्याचे बरेचसे काम किडनी करते. किडनी थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकते. आम्ही मधुमेह बरा होतोय असे समजत होतो आणि तिकडे किडनी जात होती.

पुढे डायलिसिस आले. शेवटी वहिनींनी किडनी द्यायचे ठरवले. १९९४ च्या कायद्याप्रमाणे पती-पत्नी जवळचे नातेवाईक धरले जातात. वहिनींचीही साखर कसून तपासली गेली, कारण उरलेल्या एका किडनीवर त्यांना पुढचे आयुष्य काढायचे होते. २०१९ मध्ये इंदूरला ऑपरेशन झाले. किडनीने लगेच काम सुरू केले. आम्ही पेढे वाटले.

आणि साखर वर चढली. त्याची कारणे तीन. नवी किडनी जोमाने इन्सुलिन मोडू लागते. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून जी औषधे देतात, त्यांतल्या स्टेरॉइडमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. टॅक्रोलिमस नावाच्या गोळीने स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी पाझरते. म्हणून आधी मधुमेह नसलेल्यांनाही प्रत्यारोपणानंतर तो होऊ शकतो. तरी या गोळ्या स्वतःच्या मनाने कमी करायच्या नाहीत. तसे केले तर किडनीच हातची जाते.

इथे चूक माझी झाली. मी रोज सकाळी दादांची उपाशीपोटी साखर बघत होतो. १०८, ११२. म्हटले, छान आहे. पण सकाळी घेतलेल्या स्टेरॉइडचा जोर दुपारी आणि संध्याकाळी दिसतो. एकदा ताप आला म्हणून दुपारी चार वाजता रक्त घेतले, तर ३१२! लघवीत जंतुसंसर्ग झाला होता आणि टाक्याची जखमही भरत नव्हती. आधीच औषधांनी प्रतिकारशक्ती दाबलेली, त्यात साखरेने जंतूंना रान मोकळे. बारा दिवस परत भरती राहावे लागले. वहिनी मला एक शब्द बोलल्या नाहीत. तेच जास्त लागले.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणीही सुरुवातीच्या काही महिन्यांत फसवी ठरू शकते. रुग्णाला रक्तक्षय असतो, कधी रक्त चढवलेले असते. म्हणून जेवणानंतरची, दुपारची आणि संध्याकाळची साखर ग्लुकोमीटरवर बघून वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली तर जुनी किडनी जशी गेली तशी नवीही जाते, आणि हृदयालाही धोका पोचतो.

२०१५ पासून इंदूरने ग्रीन कॉरिडॉर करून अवयव वेळेवर पोचवले. आपल्याला त्याचा अभिमान आहे. पण अवयव पोचल्यावर तो टिकवायचे काम घरच्या स्वयंपाकघरात चालते.

एक विनंती करून थांबतो. आपण मराठी माणसे आग्रहात कमी नाही, आणि माळव्यात राहून तो दुप्पट झाला. "बाप्पाचा प्रसाद आहे, एका मोदकाने काय होतंय?" असे दादांना दहा घरी दहा जण म्हणतात. एकेक करून दहा मोदक होतात. त्यांनी अर्धा मोडून घेतला तर पुरे म्हणा. त्या अर्ध्या मोदकामागे माझ्या वहिनींची एक किडनी आहे.

गणपती बाप्पा मोरया!