व्हिएन्ना पाहावी कशी?

अलीकडे आपल्या पुणें शहरांतून युरोपच्या सहलीस जाणाऱ्या मंडळींची संख्या फार वाढली आहे. दहाबारा दिवसांत पांचसहा देश, असा त्या सहलीचा हिशेब असतो. आणि त्यांत ऑस्ट्रियाची राजधानी जी व्हिएन्ना, तिच्या वांट्यास बहुधा एक दिवस येतो. मोटारींतून उतरावें, राजवाड्यापुढें छायाचित्र काढावें, चॉकोलेटचा केक खावा आणि अंधार पडण्यापूर्वीं मुक्कामास पोंचून वरणभात जेवावा, कीं व्हिएन्ना झाली! काशीस जाऊन गंगा न पाहतां परतावें, तशांतलाच हा प्रकार. कारण ही नगरी संध्याकाळीं जागी होणारी आहे. तिचा इतिहास दिवसा दिसतो. तिचा जीव रात्रीं ऐकूं येतो. सामान्य ऐपतीच्या गृहस्थानें ती कशी पाहावी, व पाहून काय घेऊन यावें, हें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे. माझी मुलगी कामानिमित्त तेथें होती तेव्हां मला तीन आठवडे राहण्याचा योग आला. सेवानिवृत्त शिक्षकाच्या खिशाला जें परवडलें, त्याच्याच आधारें मी बोलणार आहें.

प्रथम हें सांगितलें पाहिजे, कीं पुण्याचा व व्हिएन्नाचा संबंध या सहलींच्या कितीतरी आधींचा आहे. १८८६ सालच्या सप्टेंबरांत व्हिएन्नास प्राच्यविद्यापंडितांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. डेक्कन कॉलेजांतील संस्कृतचे प्राध्यापक रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या परिषदेस मुंबई सरकारचे प्रतिनिधि म्हणून गेले, व रामानुज आणि पांचरात्र मतांवर त्यांनीं तेथें निबंध सादर केला. या प्रवासाचा वृत्तांतहि त्यांनीं मागाहून इंग्रजींत लिहिला. तेथील यजमानांपैकीं डॉ. ब्यूलर यांनीं मुंबई इलाख्यांत सतरा वर्षें नोकरी व हस्तलिखितांचा शोध केलेला. १८८० सालीं ते युरोपांत परतले आणि व्हिएन्नाच्या विद्यापीठांत संस्कृत शिकवूं लागले. हिंदुस्थानांतील भाषांची पद्धतशीर पाहणी व्हावी, असा ठराव याच परिषदेनें केला. ग्रीअर्सनसाहेबांच्या पुढील प्रचंड उद्योगाचा उगम तो. त्या पाहणीचा सातवा खंड आपल्या मराठीचा. तो १९०५ सालीं निघाला. पुढें ब्यूलर यांचे शिष्य विंटरनिट्झ यांनीं १८९७ सालच्या पॅरिस येथील परिषदेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढण्याची सूचना मांडली. तें काम सिद्धीस नेलें तें आपल्या भांडारकर संस्थेनें. १९१९ सालीं हातीं घेतलेली ती आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तेव्हां लॉ कॉलेज रस्त्यावरून नित्य जाणाऱ्या पुणेकरानें व्हिएन्नाला अगदींच परकी समजूं नये.

आतां दिवसाच्या दर्शनाकडे वळूं. त्याचा आरंभ ‘रिंग’ नांवाच्या रस्त्यापासून करावा. जुन्या गांवास तटबंदी होती. १६८३ सालीं, म्हणजे छत्रपति संभाजी महाराज गोव्याच्या पोर्तुगीजांवर चालून गेले त्याच सालीं, तुर्कांनीं या तटास दोन महिने वेढा घातला होता; १२ सप्टेंबरला पोलंडचा राजा सोबिएस्की मदतीची फौज घेऊन आला, तेव्हां तो उठला. पुढें युद्धाची रीत बदलली, तट निरुपयोगी झाले. आणि आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानांत रणकंदन चालूं असतां, १८५७ सालच्या डिसेंबरांत सम्राट फ्रान्झ योझेफ यानें ते पाडण्याचा हुकूम सोडला. तटाच्या जागीं सुमारें पांच किलोमीटर लांबीचा प्रशस्त रस्ता झाला. १८६५ सालच्या १ मे रोजीं तो खुला झाला व त्याच्या कडेनें पार्लमेंट, विद्यापीठ, नगरभवन, नाट्यगृह, संग्रहालयें अशा इमारती उठल्या. भांडारकर गेले तेव्हां विद्यापीठाची नवी वास्तु अवघी दोन वर्षांची होती. एक गोष्ट मात्र लक्षांत घेण्याजोगी आहे. या रस्त्यावरील मोठ्या सार्वजनिक इमारतींपैकीं आधीं पुरी झाली ती संगीतनाट्यगृहाची, म्हणजे ऑपेराची. २५ मे १८६९ रोजीं तेथें मोझार्टच्या संगीतिकेनें पडदा उघडला. पार्लमेंटची इमारत मागाहून आली. या गांवाचा स्वभाव एवढ्यावरून कळावा.

संगीताविषयीं बोलावयाचें, तर हायडन, मोझार्ट, बेथोव्हेन आणि शूबर्ट या चौघांनींहि देह ठेवला तो याच शहरांत. त्यांपैकीं जन्मानें व्हिएन्नाचा एकटा शूबर्ट. तो शाळामास्तराचा मुलगा. बापाच्या शाळेंत कांहीं वर्षें त्यानें स्वतःहि लहान मुलांना अक्षरें गिरवावयास शिकविलीं, आणि १८२८ सालीं वयाच्या एकतिसाव्या वर्षीं तो वारला. आम्हां मास्तरमंडळींस त्याच्या जन्मघराचा उंबरठा विशेष आदरानें ओलांडावासा वाटतो. बेथोव्हेनची कथा तर सर्वश्रुत आहे. ७ मे १८२४ रोजीं त्याची नववी सिंफनी प्रथम वाजविली गेली तेव्हां तो पूर्ण बहिरा झाला होता. मागें चाललेला टाळ्यांचा कडकडाट त्याला ऐकूं येईना, म्हणून एका गायिकेनें त्याचें तोंड श्रोत्यांकडे फिरविलें, अशी त्या वेळच्या मंडळींची आठवण नमूद आहे.

हें संगीत ऐकावें कसें, असा प्रश्न आपल्या कानांपुढें उभा राहतो. आपल्या गाण्यांत तंबोऱ्याच्या आधारावर एकच सुरावट पुढें पुढें उलगडत जाते. तिकडे चारपांच सुरावटी एकाच वेळीं चालतात आणि त्यांच्या परस्परांशीं जुळण्या-भांडण्यांत रस असतो. आपण रागाची वाट पाहत बसलों, तर हातीं कांहींच लागत नाहीं. पहिल्या दिवशीं एकाच वाद्याचा, समजा सेलोचा, माग काढावा. बाकीचीं वाद्यें त्याच्या भोंवतीं काय करतात तें हळूहळू उमगूं लागतें. दुसरें पथ्य असें, कीं मध्येंच ‘वाहवा’ म्हणूं नये, आणि सिंफनीचे चार भाग संपेपर्यंत टाळीहि वाजवूं नये. पुणेकराला हें पथ्य जड जातें खरें!

ऑपेरा मात्र आपल्याला लवकर जवळची वाटते, कारण संगीत नाटकाचा संस्कार आपल्या रक्तांत आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलें, तेव्हां व्हिएन्नाचें हें गृह अकरा वर्षांचें होतें. खुर्चीचा दर ऐकून मात्र छाती दडपते. पण तेथें चारशेंहून अधिक जागा उभ्या प्रेक्षकांसाठीं राखलेल्या आहेत, आणि त्यांचें तिकीट दोनतीन कप कॉफीच्या किंमतींत मिळतें. सरकारी तिजोरींतून नाट्यगृहाला मोठें साहाय्य असल्यामुळें हें शक्य होतें. रांगेंत उभें राहावें, आंत जाऊन कठड्याला आपला रुमाल बांधावा, कीं ती जागा आपली. मग खुशाल बाहेर जाऊन पाणी पिऊन यावें. एस. टी. च्या खिडकींतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आपणां मंडळींस ही विद्या नव्यानें शिकावी लागत नाहीं. माझ्या एका बाजूस वैद्यकाची विद्यार्थिनी होती, दुसऱ्या बाजूस ट्राम हांकणारा गृहस्थ. खालीं मखमली खुर्च्यांवर धनिक बसले होते. सूर सर्वांना एकच मिळत होते. जुलै-ऑगस्टांत हें गृह बंद असतें, एवढें ध्यानांत ठेवून प्रवासाची आंखणी करावी.

रात्रीच्या करमणुकीचा अर्थ आपल्याकडे थोडा संशयानेंच घेतला जातो. व्हिएन्नाची रात्र कुटुंबासह पाहण्यासारखी आहे. प्राटर या बागेंत १८९७ सालचा सुमारें पासष्ट मीटर उंचीचा पाळणा अजून फिरतो. तें उपवन १७६६ सालीं सम्राट दुसरा योझेफ यानें रयतेस मोकळें केलें. त्याच सम्राटानें १७८४ सालीं द्राक्षमळेवाल्यांना स्वतःच्या मळ्यांतील मद्य घरींच विकण्याची मुभा दिली. तेव्हांपासून मळेवाल्याच्या दारावर हिरवी डहाळी टांगलेली दिसली, कीं अंगणांत बांकें मांडलीं आहेत असें समजावें. अडतीस क्रमांकाच्या ट्रामनें ग्रिन्झिंगला गेलें म्हणजे हीं घरें दिसतात. माझ्यासारख्याला तेथें द्राक्षांचा साधा रस मिळतो, आणि शेजारच्या बांकावरील आजोबा-नातवंडांचीं गाणीं फुकट. कॉफीगृहांत तर एका पेल्यावर दोन तास वर्तमानपत्र वाचीत बसलें तरी कोणी उठवीत नाहीं. उलट पाण्याचा पेला पुन्हा भरून ठेवतात. तुर्कांनीं मागें टाकलेल्या गोण्यांतून ही कॉफी आली, अशी दंतकथा तेथें मोठ्या हौसेनें सांगतात. कागदोपत्रीं पहिला परवाना १६८५ सालीं मिळाला तो दिओदातो नांवाच्या एका आर्मेनियन व्यापाऱ्याला.

इथवर सारें गोड झालें. पण, श्रोतेहो, इतिहास पाहावयाचा तर अर्धवट पाहूं नये. १९३८ सालच्या मार्चांत हिटलरचें सैन्य या शहरांत आलें तेव्हां येथें सुमारें पावणेदोन लाख ज्यू लोक राहत होते. त्यांत वैद्य, शिक्षक, संगीतकार किती होते! त्या आठवड्यांत म्हाताऱ्याकोताऱ्यांना गुडघ्यांवर बसवून रस्ते घासावयास लावलें, आणि भोंवतीं उभे राहून हंसणारे लोक परगांवचे नव्हते; ते शेजारी होते. त्यांतले कित्येक आदल्या संध्याकाळीं मोझार्ट ऐकून आलेले असतील! आर्नोल्ड रोझे हा वादक १८८१ पासून, म्हणजे सत्तावन्न वर्षें, तेथील वाद्यवृंदाचा अग्रणी होता. त्यालाहि काढून टाकलें. तो लंडनला गेला व १९४६ सालीं परदेशांतच वारला. त्याची मुलगी आल्मा हिला आउश्विट्झच्या छळछावणींत बंदिवान स्त्रियांचा वाद्यवृंद चालवावा लागला, आणि १९४४ सालीं तेथेंच तिचा अंत झाला. नववर्षाची जी मैफल आज जगभर कौतुकानें पाहतात, तिची सुरुवातहि त्याच राजवटींत, १९३९ सालच्या ३१ डिसेंबरला झाली. महाभारताची कल्पना मांडणारे विंटरनिट्झ हेहि ज्यूच. १९३७ सालीं प्रागला त्यांना मृत्यु आला, म्हणून हें पाहण्याचें त्यांच्या नशिबीं आलें नाहीं.

जुन्या गांवांत युडेनप्लाट्झ नांवाच्या चौकांत २००० सालीं एक स्मारक उभारलें आहे. ऑस्ट्रियांतील पासष्ट हजारांहून अधिक ज्यू मारले गेले, त्यांचें तें स्मारक. तो एका ग्रंथालयाचा कॉंक्रीटचा ठोकळा आहे; पण पुस्तकांच्या पाठी आंतल्या बाजूला वळविलेल्या, त्यामुळें एकाहि पुस्तकाचें नांव वाचतां येत नाहीं; आणि दारांना मुठी नाहींत. ज्यानें आयुष्यभर मुलांच्या हातीं पुस्तकें दिलीं, त्याला तेथून लवकर हलवत नाहीं.

‘संगीतानें मनुष्य सुसंस्कृत होतो’ हें वाक्य आपण शाळेच्या निबंधांत आणि समारंभांच्या भाषणांत नेहमीं वापरतों. व्हिएन्ना पाहून आल्यावर तें वाक्य थोडें जपून वापरावें असें मला वाटतें. रसिकता आणि माणुसकी या दोन निराळ्या विद्या आहेत. एकींत पहिला आलेला दुसरींत नापास होऊं शकतो. संगीत कान तयार करतें. त्या कानांनीं शेजाऱ्याचें रडणेंहि ऐकावयाचें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. म्हणून संगीत टाकून द्यावें असें नाहीं. १९४५ सालच्या मार्चांत बाँबहल्ल्यांत ऑपेराचें गृह जळालें. उपाशी, उद्ध्वस्त शहरानें तें पुन्हा बांधलें, आणि ५ नोव्हेंबर १९५५ रोजीं तें उघडलें तेव्हां बेथोव्हेनची ‘फिडेलिओ’ लाविली. त्या संगीतिकेंत अन्यायानें कोंडलेला मनुष्य तुरुंगांतून सुटतो. ती निवड योग्य होती. पण जे सुटूं शकले नाहींत त्यांचें स्मारक या चौकांत उभारावयास त्याच शहराला आणखी पंचेचाळीस वर्षें लागलीं.

आपल्या पुण्यालाहि संगीताचा अभिमान आहे, आणि तो रास्त आहे. १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव, गणेशोत्सवाच्या रात्री, नाट्यगृहांतील प्रयोग, ही आपली मिळकत आहे. व्हिएन्नाहून दोन गोष्टी आपण खुशाल उचलाव्या. एक, उत्तम मैफलींत थोड्या पैशांत उभें राहून ऐकण्याची जागा गरीब विद्यार्थ्याला व कामकऱ्याला हक्कानें मिळावी. दुसरी, तिनें फार उशिरा शिकलेला धडा आपण वेळेवर शिकावा: मैफल संपवून घरीं परततांना वाटेंत कोणाला गुडघ्यांवर बसविलेलें दिसलें, तर पाहत उभें राहूं नये. तेवढें साधलें, तर आपलें ऐकणें सार्थकीं लागलें असें समजावें.