धूम्रपानत्याग आणि आजाऱ्याची सोबत



उत्सवाच्या रात्री पालखी देवळाबाहेर पडते, वाद्ये वाजू लागतात आणि सर्वांची पावले तिच्यामागे वळतात. अशा वेळी अग्रशाळेच्या ओसरीवर खांबाला टेकून बसलेला एखादा गृहस्थ पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडतो. एके काळी पालखीला पुढे होऊन खांदा देणारा हाच तो. आता चार पायऱ्या चढताच त्याला धाप लागते. पालखी दूर गेली की तो हळूच उठतो, अग्रशाळेच्या मागे जातो आणि परततो तेव्हा खोकल्याची उबळ त्याला सोडीत नाही. मागे जाऊन त्याने काय केले हे सर्वांना ठाऊक असते. कोणी न पाहिल्यासारखे करतो, तर कोणी म्हणतो, "एवढे होऊनही सुटत नाही म्हणजे कमालच!" या उद्गारात थोडी चीड असते, थोडा कळवळाही असतो, परंतु त्या गृहस्थाच्या उपयोगी पडेल असे त्यात काहीच नसते. जीर्ण व्याधीने ग्रासलेल्या माणसाला धूम्रपान सोडण्यासाठी कोणते साहाय्य लागते, आणि ते कोणी व कसे द्यावे, हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

तंबाखू ही मूळची या भूमीतील वनस्पती नव्हे. अमेरिका खंडातून ती पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आली व तेथून दख्खनमध्ये पसरली. विजापूरला गेलेला अकबराचा वकील असद बेग याने परतताना तंबाखू व हुक्का नेऊन बादशहापुढे ठेवला, असा वृत्तान्त त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. हा प्रसंग सतराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा. पुढे 1617 साली जहांगीराने तंबाखूला मनाई केली. परंतु बादशाही फर्मानालाही या व्यसनाने दाद दिली नाही.

आधुनिक काळातील कायद्यांनी मात्र बरेच कार्य केले आहे. सार्वजनिक जागी धूम्रपान व थुंकणे यांना मनाई करणारा कायदा गोव्याने 1997 सालीच केला. केंद्राचा कायदा 2003 सालचा, आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे कडक नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून देशभर लागू झाले. 2016-17 सालच्या राष्ट्रव्यापी पाहणीत देशातील 28.6 टक्के प्रौढ या ना त्या रूपाने तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले. गोव्याचे प्रमाण 9.7 टक्के म्हणजे सर्व राज्यांत कमी होते. ही समाधानाची गोष्ट खरी. तथापि त्याच पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी, ते सोडण्याचा आपला बेत वा विचार आहे, असे सांगितले. म्हणजे इच्छा पुष्कळांच्या ठायी आहे. उणीव आहे ती इच्छेला हात देणाऱ्याची.

इच्छा असूनही व्यसन का सुटत नाही, हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे. धुराबरोबर फुप्फुसात गेलेले निकोटीन काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचते आणि क्षणभर तरतरी व समाधान देते. वर्षानुवर्षे हे घडत राहिले की मेंदूची घडणच त्या द्रव्याला सरावते. मग ते मिळाले नाही की चिडचिड होते, झोप उडते, चित्त एकाग्र होत नाही, उदास वाटते. हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत तीव्र असतो व साधारण तीन-चार आठवड्यांत ओसरतो. विडी ही सिगारेटपेक्षा सौम्य, अशीही एक समजूत आहे. ती चुकीची होय. विडी विझू नये म्हणून झुरके वारंवार व खोल घ्यावे लागतात, आणि तिच्यातून निकोटीन व डांबर कमी नव्हे तर अधिकच शरीरात जाते.

भीती दाखविली की माणूस सुधारतो, असे पुष्कळांना वाटते. त्यांनी बुर्जरच्या रोगाचा विचार करावा. लिओ बुर्जर या वैद्याने 1908 साली या रोगाचे सविस्तर वर्णन केले. यात हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद होतात, बोटे काळी पडतात, आणि शेवटी ती कापावी लागतात. तंबाखू पूर्णपणे सोडली तर अवयव बहुधा वाचतो. न सोडली तर रोग पुढे सरकत राहतो. रुग्णाला हे डोळ्यांसमोर दिसत असते, वेदना असह्य असतात, आणि तरीही कित्येकांना तंबाखू सोडता येत नाही. भीतीनेच काम होणार असते, तर या रोगात एकही माणूस विडीला हात लावता ना.

"आता या वयात, इतके बिघडल्यावर सोडून काय लाभ?" हा आजाऱ्याचा नेहमीचा प्रश्न. त्याला स्पष्ट उत्तर आहे. रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 साली ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच सवयींची नोंद ठेवण्यास आरंभ केला. पन्नास वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष 2004 साली प्रसिद्ध झाला. तिसाव्या वर्षी सिगारेट सोडणाऱ्यांचे सरासरी 10 वर्षांचे आयुष्य वाचले, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांचे 9, पन्नासाव्या वर्षी 6, आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांचेही 3 वर्षांचे. डॉक्टर ज्याला सी.ओ.पी.डी. म्हणतात त्या जीर्ण श्वासविकारात गेलेले फुप्फुस परत येत नाही, हे खरे. परंतु फ्लेचर व पेटो यांनी 1977 साली दाखवून दिले की, धूम्रपान थांबले की पुढील ऱ्हासाचा वेग मंदावतो व धूम्रपान न करणाऱ्याच्या वेगाजवळ येतो. ओसरीवर बसलेल्या त्या गृहस्थाच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की, आज तो जितका चालू शकतो तितके चालणे त्याला आणखी बरीच वर्षे लाभू शकेल. हृदयविकाराचा वाढीव धोकाही एका वर्षात सुमारे निम्म्याने उतरतो. मधुमेह्याच्या तर रक्तवाहिन्यांवर साखर व धूर असा दुहेरी मारा चाललेला असतो. त्यातील एक तरी थांबविणे त्याच्या हाती असते.

मात्र आजारी माणसाचे धूम्रपान सोडणे हे धडधाकट माणसाच्या सोडण्यासारखे सरळ नसते, आणि येथेच घरच्यांची पुष्कळदा गफलत होते. विडी सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत कित्येकांचा खोकला वाढतो. श्वासनलिकांतील सूक्ष्म रोमांची हालचाल पुन्हा सुरू होऊन साचलेला कफ बाहेर पडू लागतो, त्याचे हे लक्षण. हे आधी कोणी सांगितले नाही तर रुग्ण म्हणतो, "ओढत होतो तेव्हाच बरा होतो," आणि पुन्हा पेटवतो. सोडल्यानंतर भूक वाढते व पहिल्या वर्षात वजन सरासरी चार-पाच किलो वाढते. मधुमेह्याची साखर काही काळ वर-खाली होते. औषधांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. तंबाखूच्या धुरातील द्रव्यांमुळे यकृत काही औषधे लवकर नष्ट करीत असते. दम्यासाठी दिले जाणारे थिओफायलिन हे त्यांपैकी एक. धूम्रपान थांबले की तीच मात्रा शरीराला अधिक होते, आणि मळमळ, छातीत धडधड असे त्रास उद्भवतात. इन्सुलिन व रक्त पातळ ठेवणारे वॉरफारिन यांच्या मात्रेकडेही पुन्हा पाहावे लागते. तेव्हा सोडण्याचा दिवस ठरला की तो डॉक्टरांना अगोदर सांगणे हे पहिले पथ्य होय.

येथेच लाज आड येते. ज्याला पूर्वी "पुन्हा आलात की मी तपासणार नाही" असे ऐकावे लागले आहे, तो पुढल्या खेपेस डॉक्टरांपुढे खोटे बोलतो. बायकोने खिसे तपासले की तो विडी शेजारच्या दुकानात ठेवतो. लपविण्याची ही कला एकदा साधली की त्याला मदत करण्याचे सर्व दरवाजे बंद होतात. म्हणून खरे बोलणाऱ्याला शिक्षा होता कामा नये, हे घरातील प्रत्येकाने ध्यानी धरावे.

केवळ निश्चयाच्या बळावर, कोणत्याही साहाय्याविना सोडू पाहणाऱ्या शंभर जणांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे तीन ते पाचच असतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. या आकड्याने निराश होण्याचे कारण नाही. एकट्याला ते का जमले नाही याचा उलगडा त्यातून होतो. निकोटीनचे च्युइंग गम वा कातडीवर लावावयाची पट्टी यांच्या उपयोगाने यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. गम सुपारीसारखे सतत चघळावयाचे नसते. थोडे चावून चव लागली की गालाच्या आत दाबून ठेवावयाचे, चव गेली की पुन्हा थोडे चावावयाचे. त्याआधी पंधरा मिनिटे व गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी वा आंबट पेय टाळावयाचे. व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची. फिट येणाऱ्यास ब्युप्रोपिऑन वर्ज्य आहे. तपकीर, मिशेरी वा गुटखा यांकडे वळणे म्हणजे सोडणे नव्हे. विजेवर चालणाऱ्या सिगारेटची विक्री तर 2019 पासून देशात निषिद्धच आहे.

औषधाला बोलत्या माणसाची जोड मिळाली तर फळ अधिक येते. केंद्र सरकारने 2016 साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेत तंबाखूमुक्तीसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा विनाशुल्क क्रमांक 1800-11-2356 हा 2018 च्या सप्टेंबरपासून तंबाखूच्या पाकिटांवरच छापला जातो. पलीकडून बोलणारा समुपदेशक उपदेश करीत नाही. तलफ केव्हा येते, कोणत्या जागी येते, हे विचारून सोडण्याचा दिवस ठरवून देतो आणि पुढे स्वतः फोन करून विचारपूस करतो. ज्या पाकिटातून रोग येतो त्याच पाकिटावर साहाय्याचा पत्ता असावा, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तो क्रमांक लावून रोग्याच्या हाती फोन देणे एवढे तर घरचा शाळकरी नातूही करू शकतो.

आता घरच्यांच्या व गणगोताच्या कर्तव्याविषयी. वास्को येथील दामोदर भजनी सप्ताह सर्वांच्या परिचयाचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगाने गाव हैराण झाला असता त्याचा आरंभ झाल्याचे सांगतात. तेथील भजन अखंड चोवीस तास चालते. ते अखंड राहते याचे कारण कोणी एक गायक चोवीस तास गातो हे नव्हे. प्रत्येक जण आपल्या वाट्याची वेळ सांभाळतो आणि नंतर ती दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. धूम्रपान सोडणाऱ्याच्या पहिल्या महिन्याची राखणही अशीच वाटून घ्यावी. तलफ सामान्यतः काही मिनिटांची असते. ती मिनिटे कोणाच्या तरी सोबतीने निघून गेली पाहिजेत. सकाळच्या चहानंतरची वेळ पत्नीने, दुपारची फोनवरून मुलाने, सायंकाळी देवळाच्या चौकातली वेळ एखाद्या मित्राने सांभाळावी. हा मित्र स्वतः कधी काळी विडी सोडलेला असेल तर फारच उत्तम, कारण त्याच्यापुढे लपविण्यासारखे काही उरत नाही. सर्व भार एकट्या पत्नीवर टाकू नये. तिला पहारेकरी करून घरातील गोडवा घालविण्यात कोणाचेच हित नाही. राखदाणी घरातून जावी, घरात कोणीही ओढू नये, आणि "एक घे, एकाने काय होते?" म्हणून पाकीट पुढे करणाऱ्या मित्राला नम्रपणे पण स्पष्ट सांगावे.

एवढे करूनही एखादे दिवशी पाय घसरतो. बहुतेकांना कायमचे सोडण्यापूर्वी अनेकदा प्रयत्न करावे लागतात. त्या दिवशी घरच्यांच्या तोंडून "पुन्हा ओढलीत ना?" हे शब्द निघतात, की "बरे, उद्या पुन्हा पहिला दिवस धरू," हे निघतात, यावर पुष्कळ अवलंबून असते. पहिल्या शब्दांनी माणूस अग्रशाळेच्या मागे जातो, दुसऱ्यांनी तो पुढे ओसरीवर राहतो. कोणत्या प्रसंगी तोल गेला हे शांतपणे पाहून पुढील वेळी त्या प्रसंगी सोबत ठेवावी.

महाजनपद म्हणजे देवस्थानाच्या कारभारात वाटा, तसाच तो एकमेकांच्या सुखदुःखातही वाटा आहे, अशी आपल्या कुळांची रीत आहे. कोणाच्या घरी आजार असला तर विचारपूस करण्यास जाणारे पुष्कळ असतात. त्या भेटीत पेढ्याच्या पुड्याबरोबर एवढा एक प्रश्नही नेता येईल, "सोडावयाचे मनात आहे का? असल्यास तुमची सायंकाळची वेळ माझ्याकडे द्या." पुढील उत्सवात तो गृहस्थ पालखीला खांदा देईलच असे नाही. पण पालखी निघेल तेव्हा ओसरीवर त्याच्या शेजारी दुसरे कोणी बसलेले असावे, आणि पालखी दूर गेल्यावर त्याला एकट्याने उठून मागे जाण्याची गरज पडू नये, एवढी व्यवस्था सर्वांनी मिळून करणे अशक्य नाही.