‘बजेट’ : थैलीपासून संकल्पापर्यंत

महागाईची झळ लागली की घरोघरी ‘बजेट कोलमडले’ असे उद्गार ऐकू येतात. लग्नकार्याचे बजेट ठरते, तसेच राज्याचेही विधिमंडळात मांडले जाते. मराठी संसारात इतक्या सहजतेने रुळलेल्या या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘चामड्याची थैली’ असा आहे.

लॅटिनमधील ‘बुल्गा’ म्हणजे चामडी पिशवी. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये लहान थैलीसाठी ‘बूजेत’ हा शब्द झाला. पंधराव्या शतकात तो इंग्रजीत आला आणि कालांतराने थैलीतील ऐवजालाही तेच नाव पडले.

शब्दाला राजकीय अर्थ लाभला तो थट्टेतून. १७३३ साली ब्रिटनमध्ये रॉबर्ट वॉलपोल यांनी मद्य व तंबाखू यांवर अबकारी कर बसविण्याची योजना आखली. गावोगाव फिरणारा भोंदू वैदू आपली पोतडी उघडतो, तशी ही करांची पोतडी उघडली जात आहे, अशी टीका एका पत्रकाने केली. वॉलपोल यांना योजना मागे घ्यावी लागली; शब्द मात्र टिकला आणि पुढे गांभीर्याने वापरला जाऊ लागला.

भारतात ही थैली प्रथम उघडली १८६० साली. १८५७ च्या उठावामुळे तिजोरीवर पडलेला भार भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन यांनी कलकत्त्याच्या विधान परिषदेत आयकराचा प्रस्ताव मांडला. त्या परिषदेत एकही भारतीय सभासद नव्हता. कर रयतेचा होता, पण जाब विचारण्याचा अधिकार तिला नव्हता.

स्वतंत्र भारताच्या संविधानाने हे चित्र पालटले. संविधानाच्या अनुच्छेद ११२ व २०२ मध्ये ‘बजेट’ हा शब्द नाही. तेथे ‘वार्षिक वित्तीय विवरणपत्र’ अशी संज्ञा आहे. राज्याच्या एकत्रित निधीतून कायद्याच्या आधाराशिवाय पैसा काढता येत नाही, आणि तो कायदा लोकप्रतिनिधीच संमत करतात.

मराठीने या शब्दाला दोन पर्याय दिले. ‘अंदाजपत्रक’ जमाखर्चाचा अदमास सांगते. ‘अर्थसंकल्प’ त्यामागचा निर्धार व्यक्त करतो. संकल्प सोडणाऱ्याने तो सिद्धीस नेलाच पाहिजे, ही अपेक्षा त्या शब्दातच आहे. म्हणून ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकापासून राज्याच्या अर्थसंकल्पापर्यंत, थैलीत काय आले आणि कोठे खर्च झाले, हे विचारणे प्रत्येक नागरिकाचा हक्क आणि कर्तव्यही आहे.