सातबारावर नसलेलं गाव

(भूकंपग्रस्त भागातील महिला मंडळांच्या दोन दिवसांच्या शिबिरात, हाताने पुस्तक तयार करण्याच्या सत्राआधी केलेलं भाषण)



काल दिवसभर आपण कागदांविषयी बोललो. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने 1994 साली दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं. पुढे 2005 साली हा हक्क देशभर आला. हे सगळं आपण समजून घेतलं. आज मात्र तुमच्यासमोर कोरे कागद, सुई, दोरा आणि वाटीभर खळ ठेवली आहे. कायद्याच्या शिबिरात हा पोरखेळ कशाला, असं काहीजणींना वाटेल. म्हणून आधी थोडं बोलते.

सातबारावर जमिनीचं माप असतं, मालकाचं नाव असतं, पीक असतं. त्या जमिनीत कोण खुरपत होती, पाण्याला कुठल्या वाटेने जात होती, बाळाला कुठल्या झाडाला झोळी बांधून निजवत होती, हे त्यावर नसतं. बाईचा तर गावही बदलतो. माहेरी ती 'परक्याचं धन' आणि सासरी 'बाहेरून आलेली'. दोन्ही गावांत राबते, पण 'माझं गाव' म्हणताना अडखळते.

आपल्या भागात तर गावंच हलली. 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यावरची मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. पुढे लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांतली 52 गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. जमीन किती, त्यावरून कुणाला 250, कुणाला 400, तर कुणाला 750 चौरस फुटांचं घर मिळालं. रस्ते सरळ झाले, घरं ओळीत आली. आता कुणी म्हणेल, चांगलंच झालं. मजबूत घर हवंच होतं. पण परसदार, शेजारणीच्या घरात उघडणारं मागचं दार, दुपारी चौघी टेकायच्या ती भिंत, हे कुठल्याच नकाशात आलं नाही. कारण नकाशा काढताना ते कुणी मोजलंच नव्हतं.

अशाच एका नव्या गावात आम्ही बायकांना म्हटलं, जुनं गाव काढा. आधी सगळ्या म्हणाल्या, "आमचं कसलं गाव? पुरुषांना विचारा." मग आग्रह केल्यावर देऊळ, चावडी, वेस, पार काढला. आम्ही विचारलं, "पारावर तुम्ही कधी बसलात?" सगळ्या हसल्या. "मग जिथं बसायचात ते काढा." तेव्हा खरं गाव कागदावर उतरलं. आडाजवळचा धुण्याचा दगड, जात्याची खोली, भिंतीतलं बळद, अंधार पडायची वाट बघत थांबायची ती बाभळीची आडोशाची जागा.

एका बाईंनी दोन आड काढले. एक गावातला, एक त्यांच्या वस्तीतला. गावातल्या आडापासून चार हातांवर एक छोटी खूण केली. म्हणाल्या, "आम्ही इथं उभ्या राहायचो. कुणी वरून ओतलं तर पाणी." खोलीत सगळ्या गप्प झाल्या. एक बाई म्हणाली, "गाव गेलं, माणसं गेली, आता ते कशाला काढायचं?" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचा आड तुम्ही काढला. माझा मी काढला." ते पान पुस्तकात राहिलं. तेव्हापासून आमचा एकच नियम आहे: दुसरीच्या पानावर कुणी काट मारायची नाही.

बायकांच्या आठवणींना काय किंमत, असं म्हणणाऱ्यांना सांगा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकांचं ते भांडार आहे. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपात आलं. त्याआधी दुकानात बसून त्या चोरून लिहीत होत्या आणि लिहिलेलं कित्येक वर्षं लपवून ठेवत होत्या. त्या पुस्तकामुळे वीरगावचा महारवाडा आपल्याला बाईच्या डोळ्यांनी दिसला.

आता कामाचं बोलू. चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडा. सोळा पानं होतील. घडीवर तीन भोकं पाडा. मधल्या भोकातून दोरा बाहेर काढा, वरच्यातून आत, खालच्यातून बाहेर आणि पुन्हा मधल्यातून आत. गाठ मारा. गोधडीला धावदोरा घालणाऱ्या हातांना हे शिकवावं लागत नाही. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा आणि जुन्या लुगड्याचा तुकडा खळीने चिकटवला की वेष्टण तयार. लिहिता येत नसेल तर चित्र काढा, किंवा तुम्ही सांगा आणि मुलीला लिहू द्या. पण तिने तुमचेच शब्द लिहायचे, शुद्ध करायचे नाहीत. एका पानावर एकच जागा घ्या. ती कुठं होती, तिथं तुम्ही काय करायचात, तिथं कोण भेटायचं आणि आज तिथं काय आहे, एवढं आलं तरी पुरे.

दोन गोष्टी जपा. सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही. ज्या घरात मार खाल्ला, ज्या भिंतीखाली लेकरू गेलं, ते पान दुमडून शिवून टाकलं तरी चालेल. त्यात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे, तेवढं पुरे. आणि पुस्तक कुणाला दाखवायचं हेही तुम्हीच ठरवा. नवरा, मुलगा, कार्यकर्ती, कुणीही परस्पर घेऊन जाणार नाही. मीसुद्धा नाही.

हे पुस्तक तलाठी पुरावा म्हणून मानणार नाही. त्यामुळे काल ठरवलेले अर्ज करायचेच आहेत. पण हक्क मागायला उभी राहणारी बाई आधी स्वतःला तिथली मानत असावी लागते. "मी इथं राबले, इथं रडले, इथं हसले, ही जागा माझीही आहे" हे जिने सोळा पानांत एकदा म्हटलं, तिला कचेरीत तेच बोलताना कमी अडखळावं लागतं. हे आम्ही पाहिलं आहे.

तर मग कागद घ्या. पहिल्या पानावर आपलं नाव घाला. कुणाची बायको, कुणाची आई ते नंतर. आधी नुसतं आपलं नाव.